चाळीस वॉटचा बगळा

ओरेस्ते तोसीनीला देवानं सगळं बेतानं दिलं होतं. उंची बेताची, केस बेताचे, नोकरी कालव्यांच्या कचेरीत बेताची. पण आवाज देताना मात्र देवाचा हात फारच आखडला. कचेरीच्या खिडकीमागून तो शेतकऱ्यांना सांगायचा, "अर्ज दोन प्रतींत आणा," आणि शेतकरी दोन दिवसांनी एक प्रत घेऊन यायचे. जेवताना तो मीठ मागायचा आणि सासूबाई ब्रेडची टोपली पुढे सरकवायच्या. बायको नेरीना "काय म्हणालास?" असं दरवेळी विचारायची खरी, पण उत्तर ऐकायच्या आत स्वयंपाकघरात निघून गेलेली असायची. एकदा न्हाव्याकडे "मिशीला हात लावू नका" असं सांगूनही तो बिनमिशीचा घरी आला होता, आणि घरच्यांना ते चार दिवसांनी कळलं.

अशा माणसानं सीबी रेडिओ, म्हणजे घरबसल्या हवेतून कुणाशीही बोलायचं यंत्र, घेतला यात नवल नव्हतं. त्या वर्षी निम्म्या रोविगो गावानं घेतला होता. संध्याकाळ झाली की गच्च्यांवरच्या अँटेना हालू लागायच्या आणि सज्जन माणसं खोलीचं दार लावून जनावरं व्हायची. म्हणजे असं की, हवेत स्वतःच्या नावानं बोलायचं नाही, टोपणनाव घ्यायचं, असा रिवाज होता. गावात अकरा वाघ होते, नऊ लांडगे होते आणि गरुड कुणी मोजले नव्हते. ओरेस्तेनं 'बगळा' हे नाव घेतलं, कारण तेवढंच शिल्लक होतं.

परवाना काढायला सात महिने लागले. अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना होता. ओरेस्तेनं त्यात 'विरंगुळा' लिहिलं. खिडकीतल्या माणसानं अर्ज परत केला.

"विरंगुळा हे प्रयोजन नाही. शिकार लिहा, मासेमारी लिहा, नाहीतर संकट लिहा."

"पण मी शिकार करत नाही. मासे पकडत नाही."

"लग्न झालंय?"

"हो."

"मग संकट लिहा."

त्यानं 'संकट' लिहिलं आणि परवाना आला.

रेडिओ दुकानातून आणला तसाच होता, पाच वॉटचा. पाच वॉट म्हणजे किती? फ्रिज उघडल्यावर आत जो दिवा लागतो, तो पंधरा वॉटचा असतो. म्हणजे ओरेस्ते बटण दाबून जीव तोडून बोलायचा तेव्हा तो हवेत फ्रिजच्या एक तृतीयांश प्रकाश पाडत असायचा. त्याचं बोलणं साखर कारखान्याच्या धुराड्यापर्यंत धडपणे जायचं. त्यापुढे त्याचं काय व्हायचं ते देव जाणे.

मात्र ऑगस्टमधल्या एका स्वच्छ संध्याकाळी ते धुराड्याच्याही पलीकडे गेलं. साठ किलोमीटरवर, पो नदी समुद्राला मिळते तिथल्या स्कार्दोवारी गावात एक म्हातारा तरीवाला होता. त्याचं टोपणनाव 'कुरव', होडीमागं ओरडत फिरणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यावरून घेतलेलं. त्याला ओरेस्ते ऐकू आला. बोलता बोलता विषय वाम माशावर गेला. वाम भाजण्याआधी व्हिनेगरात घालावी की घालू नये यावर त्या मुलुखात माणसं एकमेकांच्या लग्नाला जायची थांबली आहेत. कुरव म्हणाला, "बगळ्या, तू समजूतदार दिसतोस. तुझं मत काय?"

एकावन्न वर्षांच्या आयुष्यात ओरेस्तेला कुणीतरी पहिल्यांदाच त्याचं मत विचारत होतं. त्यानं बटण दाबलं, घसा साफ केला, म्हणाला, "माझं मत असं आहे की—" आणि नेमक्या त्या क्षणी 'वादळ' आलं. वादळ म्हणजे बाजारातला खाटीक. त्याच्याकडं एवढा मोठा अ‍ॅम्प्लिफायर होता की त्यावर तो म्हणे अंडी तळायचा. त्यानं बटण दाबलं की रोविगोतले सगळे वाघ मांजर व्हायचे. पुढची वीस मिनिटं त्यानं सॉसेज कसं भरावं यावर घालवली. तोवर हवा फिरली, कुरव विरून गेला, आणि ओरेस्तेचं मत घशात अडकून राहिलं ते राहिलंच.

त्याला ते गिळताही येईना. ऑक्टोबर उजाडला, धुकं पडायला लागलं. रोज साडेसहाला कुरवाची हाक यायची, "बगळ्या, आहेस का?" ओरेस्ते ओरडायचा, "आहे! आहे!" कुरव म्हणायचा, "आज पण नाही वाटतं," आणि जेवायला जायचा.

जिन्यात हा विषय निघाला आणि सल्ल्यांना ऊत आला. दुसऱ्या मजल्यावरचे सर्व्हेअर पावानेलो म्हणाले, दोष उंचीचा आहे, अँटेना दीड मीटर वर घ्या. ओरेस्तेनं घेतली, त्यात दोन कौलं फुटली आणि पावानेलोंच्याच न्हाणीघरात पाणी गळू लागलं. पहिल्या मजल्यावरच्या झेरबिनबाई म्हणाल्या, दोष ओलीचा आहे, तारेला ऑलिव्ह तेल चोळा. त्यानं चोळलं, आणि गावातल्या मांजरांत त्याची कीर्ती झाली. झेरबिनबाईंचे सासरे, तोनीआजोबा, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मोठ्यानं बोल की, लेका! त्यात एवढं काय?"

हा सल्ला तेवढा त्याला लागला.

शेवटी तो पर्तीचीच्या दुकानात गेला. पर्तीची रेडिओ दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाईक बघून आवाज खाली आणायचा. त्यानं काउंटरखालून सिगारेटच्या दोन पाकिटांएवढी एक डबी काढली.

"चाळीस वॉट. रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये जोडायची. झालं."

"हे वापरायला परवानगी आहे का?"

"विकायला आहे."

"आणि वापरायला?"

"तुम्ही आत्ता विकत घेताय की वापरताय?"

ओरेस्ते म्हणाला, विकत घेतोय. "मग झालं तर," पर्तीची म्हणाला. वर त्यानं तीन गोष्टी बजावल्या. एक, आधी मीटर लावून अँटेना जुळवून घ्या. दोन, मध्ये फिल्टर बसवा, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांत घुसाल. तीन, "एवढं लक्षात ठेवा, हिच्यानं तोंड मोठं होतं, कान नाही. तुम्ही जगाला ऐकू याल, जग तुम्हाला पूर्वीइतकंच ऐकू येईल."

यातलं ओरेस्तेच्या कानात 'तोंड मोठं होतं' एवढंच शिरलं. बाकीच्या वेळात तो मनातल्या मनात वामेचं वाक्य घोकत होता.

घरी आल्यावर कळलं, की डबीला वीज फार लागते. रेडिओचा छोटा पुरवठा तिला पुरेना, ती दोन शब्द बोलून मान टाकायची. ओरेस्तेनं खाली जाऊन आपल्या जुन्या गाडीची बॅटरी काढली आणि तीन जिने चढवून वर आणली. लिफ्ट होती, पण लिफ्टमधून 'गळणाऱ्या वस्तू' नेऊ नयेत अशी पाटी होती, आणि पाटी लावणारे हिशेबनीस ग्वार्नियेरी चौथ्या मजल्यावर राहायचे. ते इमारतीचे व्यवस्थापक होते. इमारतीत कुठंही नियम मोडला की त्यांच्या अंगावरचे केस उभे राहायचे. डोक्यावरचे राहायची शक्यता नव्हती, कारण तिथं केसांचा टोप होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बॅटरी वर आणि रोज सकाळी बॅटरी खाली. बोलून बोलून ती अशी रिकामी झालेली असायची की गाडी नुसती खाकरायची. मग पावानेलो, दूधवाला आणि ओरेस्ते स्वतः असे तिघं मिळून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलायचे. कचेरीत तो घामाघूम पोचायचा. साहेबांनी एकदा विचारलं, "तोसीनी, तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "बॅटरी उतरलीय." साहेबांनी त्याला दोन दिवस हलकं काम दिलं.

पण काय सांगावं, पहिल्याच संध्याकाळी!

"कुरवा, बगळा बोलतोय. ऐकू येतंय का?"

क्षणभर खरखर, आणि मग दुरून, पूर्वीइतकाच बारीक, पण हादरलेला आवाज आला. "बगळ्या! अरे, तू माझ्या स्वयंपाकघरात बसल्यासारखा बोलतोयस! माझी मांजर पलंगाखाली गेली!"

ओरेस्तेनं वामेबद्दलचं मत मांडलं. एक तास मांडलं. वादळ मध्ये घुसायला आलं, तर त्यानं बटण न सोडता ते वाक्य पुरं केलं. वाम व्हिनेगरात घालायलाच हवी, तमालपत्राशिवाय भाजूच नये, आणि "आमच्या सासूबाई आदालजीसा जी करतात तिला वाम म्हणणं हा वामेचा अपमान आहे, कुरवा. सायकलची ट्यूब उकडून खातोय असं वाटतं."

बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं स्वतःशीच शीळ घातली.

पुढच्या शुक्रवारी ताटात वाम आली. ओरेस्तेनं घास घेतला आणि थांबला. व्हिनेगर होतं. तमालपत्र होतं. सासूबाई समोर बसून त्याच्याकडं टक लावून पाहत होत्या.

"बरी झालीय," तो पुटपुटला.

"काय म्हणालास?" नेरीनानं विचारलं आणि उठून गेली.

मग गोष्टींना जणू पायच फुटले. मक्याच्या पिठाची पोलेंता भिंतीच्या गिलाव्यासारखी असते असं तो कुरवाला म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी ती मऊसूत झाली. पावानेलो आपली सायकल नेमकी जिन्याच्या तोंडाशी ठेवतात, हे त्यानं सांगितलं, तर सायकल अंगणात गेली. झेरबिनबाई पहाटे सहाला सतरंज्या झटकतात, हेही सांगितलं. त्या साडेआठला झटकू लागल्या, आणि झटकताना वर खिडकीकडं बघून मान हलवू लागल्या. ओरेस्तेला वाटलं, माणूस आतून मोकळा झाला की घराला, जिन्याला, मुलुखाला आपोआप त्याचा धाक वाटू लागतो. चालतानाही तो आता थोडा छाती पुढं काढायचा. "कुरवा," एका संध्याकाळी तो म्हणाला, "मी नुसतं मनात आणतो आणि ते होतं बघ. उद्या मनात आणलं, तर ग्वार्नियेरीचा टोप उडून जाईल. तपकिरी टोप आणि कानाशी पांढरे केस! भाजलेल्या ब्रेडवर लोणी लावल्यासारखं दिसतं."

इथं त्याची घसरण सुरू झाली. पण आधी गळू आलं.

गळू अशा जागी आलं होतं की त्याबद्दल त्यानं नेरीनालासुद्धा सांगितलं नव्हतं. कुरवाला तेवढं सांगितलं, कारण माणूस दूरचा, आणि होडी चालवून चालवून त्याचीही बसायची जागा अनुभवी. सकाळी गाडी ढकलताना पावानेलो म्हणाले, "तुम्ही आज नका हो वाकू. त्रास होईल." दूधवाल्यानं जवस उकळून पोटीस लावायला सांगितलं. जिन्यात झेरबिनबाईंनी हळूच एक गोल उशी त्याच्या हातात कोंबली आणि लाजून आत पळाल्या.

ओरेस्ते उशी घेऊन जिन्यातच उभा राहिला. कुरव फितूर झाला? साठ किलोमीटरवरून? दारात तोनीआजोबा बसले होते. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून ते जे काही बोलायचे ते सगळ्या इमारतीला पुरायचं.

"फुटलं का रे?"

"काय फुटलं का?"

"गळू!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की! टीव्हीत सांगितलंस काल!"

खुलासा असा झाला. तोसीनींचा स्वतःचा टीव्ही वसंतात जळला होता. झेरबिनबाईंकडं रंगीत टीव्ही आला होता. रोज साडेसहाला नेरीना, सासूबाई, पावानेलो नवराबायको आणि आणखी दोन बिऱ्हाडं झेरबिनबाईंकडं खुर्च्या घेऊन जमत. आणि गेले सतरा दिवस रोज साडेसहाला पडद्यावर आडवेतिडवे पट्टे यायचे, बातम्या देणारा माणूस तोंड हलवायचा आणि त्याच्या तोंडून ओरेस्ते बोलायचा. फक्त ओरेस्ते. कुरवाचा शब्दही तिथं ऐकू येत नसे. मग ओरेस्ते थांबला की कुरव काय म्हणाला असेल याचे सगळे मिळून अंदाज बांधत. तोनीआजोबांचं ठाम मत होतं, की पलीकडचा माणूस डॉक्टर आहे.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?" ओरेस्तेचा चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा पांढरा झाला.

"सांगितलं असतं तर तू थांबला असतास ना!" तोनीआजोबा म्हणाले. "दुसऱ्या चॅनलवर काही नसतं रे त्या वेळी."

तो घरी गेला आणि पलंगावर पालथा पडला. पालथाच पडणं भाग होतं. नेरीना दारात येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर रडवेल.

"सतरा दिवस मी ऐकतेय," ती म्हणाली. "आईबद्दल बोललास. सायकलीबद्दल बोललास. सतरंज्यांबद्दल सुद्धा बोललास. माझ्याबद्दल एक अक्षर नाही!"

"तुझ्याबद्दल काही तक्रार नव्हती."

"काय म्हणालास?" या वेळी ती हलली नाही.

"तक्रार नव्हती म्हणालो."

"मग तेवढं तरी सांगायचंस! सगळे माझ्याकडं बघायचे, की आज तरी हिचा नंबर लागतो का!" आणि दार आपटून ती गेली. ओरेस्ते उशीत तोंड खुपसून विचार करत राहिला, की बायकोची तक्रार न करणं हाही गुन्हा असतो हे त्याला लग्नाच्या चोवीस वर्षांत कुणी कसं सांगितलं नाही.

टोपवाल्यानं मात्र ओरेस्तेचं बोलणं हसण्यावारी नेलं नव्हतं. ग्वार्नियेरींकडं स्वतःचा टीव्ही होता आणि 'लोणी लावल्यासारखं' हे शब्द त्यांनी एकट्यानं, अंधारात बसून ऐकले होते. दुसऱ्या दिवशी खालच्या काचेच्या फळ्यावर टंकलेला कागद लागला: 'इमारतीतील टीव्हींसंबंधीच्या तक्रारीवरून गुरुवारी दुपारी चार वाजता खात्याचे अधिकारी पाहणीस येत आहेत. रहिवाशांनी आपापले टीव्ही तयार ठेवावेत.' खाली सही होती, सहीखाली रेघ आणि रेघेखाली आणखी एक रेघ.

ओरेस्तेनं बोटांवर मोजलं. डबी जप्त होईल, परवाना रद्द होईल, कचेरीत कळेल. कालव्यांच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षांत त्याच्या नावावर एक लाल शेरा नव्हता. तो दोन दिवस बोलला नाही. खाली झेरबिनबाईंकडं साडेसहाला बातम्या स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. तोनीआजोबा म्हणाले, "बिघडलाय वाटतं टीव्ही."

मंगळवारी सकाळी तो फळ्यासमोर उभा राहून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. 'आपापले टीव्ही तयार ठेवावेत.' वाचता वाचता त्याच्या बेताच्या डोक्यात एक बेत आला. असा बेत, की तो सुचल्याचं त्याचं त्यालाच थोडं भय वाटलं.

साडेसहाला त्यानं बॅटरी जोडली.

"कुरवा, बगळा बोलतोय. दोन दिवस बरं नव्हतं. हो, फुटलं. ऐक, आमच्याकडं गुरुवारी अधिकारी येतोय. टीव्ही बघायला. आता सरकारी माणूस घरात शिरला आणि समोर टीव्ही दिसला, तर तो पहिल्यांदा काय विचारेल? पट्टे येतात का असं विचारेल, की टीव्ही ठेवायच्या वार्षिक परवान्याची पावती दाखवा म्हणेल? मला काय त्याचं! माझ्याकडं टीव्हीच नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता. अधिकारी येत होता, टीव्ही बघायला येत होता, आणि सरकारी माणूस काय विचारेल हे कोण सांगणार? धर्मराजानंही 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना एवढीच काळजी घेतली होती. त्याचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. ओरेस्तेची गाडी तर रोज ढकलूनच चालत होती.

रोविगोत टीव्हीची पावती म्हणजे परगावच्या श्रीमंत मावशीसारखी वस्तू होती. आहे हे सगळ्यांना माहीत, पाहिलेली कुणी नाही.

बुधवारी संध्याकाळपासून जिन्यात पावलं वाजू लागली. पावानेलो रजईत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून तळघराकडं निघाले होते. पहिल्या मजल्यावर झेरबिनबाई बाबागाडी ढकलत दाराबाहेर पडत होत्या, आणि बाबागाडीवर दुपट्टं पांघरलेलं होतं.

"बाळ कुणाचं?" पावानेलोंनी विचारलं.

"भाचीचं. तुमच्या रजईत काय आहे?"

"आईची आठवण."

"तिची वायर लोंबतेय," झेरबिनबाई म्हणाल्या.

गुरुवारी चार वाजता अधिकारी आला. सर्दी झालेला, पातळ ओव्हरकोटातला, पडेल चेहऱ्याचा माणूस. खालपासून त्यानं दारं ठोकायला सुरुवात केली. झेरबिनबाई म्हणाल्या, टीव्ही? आम्ही संध्याकाळी जपमाळ ओढतो. तोनीआजोबा म्हणाले, "टीव्ही म्हणजे काय?" आणि हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की वरच्या मजल्यांना काय बोलायचं ते कळलं. पावानेलोंच्या भिंतीवर एक स्वच्छ चौकोन दिसत होता. तिथं काय होतं विचारल्यावर ते म्हणाले, "कोनाडा करणार होतो." अधिकारी नाक पुसत, वहीत फुल्या मारत चौथ्या मजल्यावर गेला.

ग्वार्नियेरींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर फेल्ट हॅट होती. घाईघाईत टीव्ही खाली नेताना टोप त्याच्या मागच्या जाळीत अडकला आणि तसाच तळघरात गेला.

"तुम्ही लिहिलंय, इमारतीतल्या अकरा टीव्हींवर त्रास होतो. अकरा टीव्ही मला सापडत नाहीत. तुमचा कुठंय?"

"माझा? माझ्याकडं नाही."

"मग तक्रार?"

"तत्त्वाची होती," ग्वार्नियेरी म्हणाले. "कुणाकडं टीव्ही असता, तर त्रास झाला असता, अशा अर्थी."

अधिकाऱ्यानं त्यांच्या हॅटकडं पाहून वहीत आणखी एक फुली मारली. मग खाली उतरला आणि तोसीनींच्या दाराशी थांबला, कारण छपरावरची अँटेना काही रजईत गुंडाळता आली नव्हती.

इकडं ओरेस्तेची गाळण उडाली होती. टीव्हींचं त्यानं पाहिलं होतं, पण डबी टेबलावर उघडी पडली होती. बेत करणारा नेमका घरचंच विसरतो. घंटा वाजली. तो डबीवर बसावं का या विचारात होता, तेवढ्यात सासूबाई आल्या, तारा हिसडून डबी उचलली, पोलेंताच्या तांब्याच्या भांड्यात टाकली आणि वर झाकण ठेवलं.

"सासूबाई, तुम्ही?"

"तोंड मिट," आदालजीसा म्हणाल्या. "हे त्यानं नेलं तर मी त्या मेल्या कुरवाला उत्तर कशी देणार?"

अधिकाऱ्यानं रेडिओ पाहिला, नंबर पाहिला, परवाना पाहिला. "पाच वॉट. बरोबर." मग बॅटरी पाहिली. "ही कशाला?"

"गाडीची आहे," ओरेस्ते म्हणाला.

"ते दिसतंय. वर कशाला?"

"थंडी पडलीय ना बाहेर," नेरीना म्हणाली, आणि तिनं बॅटरीवर लोकरीची शाल अशी टाकली, की अधिकाऱ्याला पुढं विचारणं निर्दयपणाचं वाटलं असावं.

परवाना परत देताना तो थबकला. "प्रयोजनात 'संकट' लिहिलंय. कुठलं?"

ओरेस्तेनं सासूबाईंकडं पाहिलं नाही. हा त्याचा मोठेपणा.

"सर्वसाधारण," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं कॉफी घेतली, तीनदा शिंकला, वहीत 'तक्रारीस आधार आढळला नाही' असं लिहिलं आणि गेला. फाटक वाजल्याबरोबर सासूबाईंनी भांड्यातून डबी काढली, पदराला पुसल्यासारखी एप्रनला पुसली आणि टेबलावर ठेवली.

"जोड," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बोलणार?"

"सतरा दिवस माझी वाम त्या माणसाच्या तोंडी आहे. मी एकदा बोलायला नको?"

साडेसहाला ओरेस्तेनं बटण कसं दाबायचं, बोलून झालं की कसं सोडायचं, ते दाखवलं. पहिलं त्यांना लगेच जमलं. दुसरं जमायला फार वेळ लागला. "तूच का तो कुरव? मी आदालजीसा. सायकलच्या ट्यूबवाली," अशी सुरुवात करून त्या पंचवीस मिनिटं बोलल्या. वादळ मध्ये आलं, तर त्यांनी त्याला त्याच्या खऱ्या नावानं, बापाच्या नावानं आणि गेल्या ईस्टरला दिलेल्या शिळ्या कलेजीसकट हाक मारली. त्यानंतर वादळ आठवडाभर हवेत दिसलं नाही. त्यांनी बटण सोडलं तेव्हा पलीकडून कुरव अदबीनं म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं पुन्हा एकदा ऐकायला आवडेल. उद्या."

उद्याचा परवा झाला. बगळ्याची जागा गेली. त्याच्या वाट्याला बॅटरी आली, संध्याकाळी वर, सकाळी खाली. एक-दोनदा त्यानं "मी जरा दोन मिनिटं—" असं म्हणून पाहिलं. सासूबाईंनी ब्रेडची टोपली पुढं सरकवली.

म्हणून एका संध्याकाळी, बॅटरी जोडून झाल्यावर, तो नेरीनाबरोबर खाली झेरबिनबाईंकडं गेला. टीव्ही तळघरातून परत आले होते. त्याला पुढची खुर्ची मिळाली, गोल उशीसकट. पडद्यावर पट्टे आले, बातम्या देणारा माणूस तोंड हलवू लागला आणि आदालजीसांच्या आवाजात म्हणाला:

"माझा जावई? नाही, त्याचं विशेष काही नाही. कचेरीत जातो, परत येतो."

सगळ्यांनी ओरेस्तेकडं न बघण्याची शिकस्त केली. पडद्यावरचा माणूस थोडा थांबला. कुरव काहीतरी विचारत असावा.

"हो, तोच तो बगळा... राग? पहिल्या दिवशी आला होता. इतका, की त्याच्या कॉफीत मीठ घालणार होते. मग म्हटलं, थांब. माझा नवरा तीस वर्षं माझ्या हातचं जेवला. 'छान आहे' म्हणून ताट सरकवायचा. तिखट असो, करपो, छान आहे. मेला तरी मला कळलं नाही, त्याला वाम आवडायची की नाही. आणि हा बघ. पुटपुट्या. पण ह्यानं चव घेतली होती. व्हिनेगर नाही, तमालपत्र नाही, सगळं बरोबर... आता तो काय बोलतो ते कळावं म्हणून जेवताना मी त्याच्या ओठांकडं बघत असते. पण ऐक, हे त्याला सांगू नकोस, नाहीतर—"

झेरबिनबाई ओशाळल्या. चोरून ऐकायची सवय असली तरी समोरासमोर ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्या पुढं झुकल्या आणि आवाज बारीक करायला त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नका त्याला!" ओरेस्ते म्हणाला.

खोलीतल्या सगळ्या माना गर्रकन वळल्या. नेरीनानं तोंडावर हात ठेवला. पावानेलोंच्या हातातला पेला अर्ध्यावर थांबला.

तोनीआजोबा कान चोळत खेकसले, "ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?"